दहा दिवसांची मिशन ट्रिप, चाळीस दिवसांचा चिल्ला

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की चर्चमधून पंधरा-वीस जणांचे गट परदेशी निघतात. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर चर्चचं नाव. तरुण मुलंमुली जास्त, सांभाळायला दोन-चार मोठी माणसं. मुक्काम आठवडाभर, फार तर दहा-बारा दिवस. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, हैती, केनिया, फिलिपिन्स. तिथे गेल्यावर कुणाचं घर बांधायचं, शाळेची भिंत रंगवायची, गल्लीतली मुलं जमवून बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या, हातवारे करत गाणी म्हणायची. बरोबर डॉक्टर असले तर तपासणीचं शिबिर. एखादा दिवस बाजारहाटासाठी नाहीतर समुद्रावर जाण्यासाठी. याला ते लोक 'शॉर्ट टर्म मिशन ट्रिप' म्हणतात. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांच्या अंदाजाप्रमाणे एका वर्षात साधारण १६ लाख अमेरिकन चर्चवाले असे परदेशी जाऊन येतात.

ही रीत फार जुनी नाही. पूर्वी मिशनरी म्हणजे घरदार सोडून गेलेला माणूस. तो बोटीनं जायचा, तिथली भाषा शिकायचा, पुष्कळदा तिथेच मरायचा. थोड्या दिवसांची फेरी दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर नावाचा कॉलेजातला मुलगा दोन मित्रांना घेऊन सुट्टीत मेक्सिकोला धार्मिक पुस्तकं वाटायला गेला. त्यातून पुढे 'ऑपरेशन मोबिलायझेशन' ही संस्था झाली. १९६० साली लॉरेन कनिंगहॅम यांनी 'यूथ विथ अ मिशन' काढली. विमान स्वस्त होत गेलं तशी ही फेरी गावोगावच्या चर्चच्या वार्षिक कार्यक्रमात जाऊन बसली.

मला हे सगळं कळायचं कारण एक पत्र. माझ्याबरोबर बी.एड. केलेली एक मैत्रीण नगरची आहे. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. तिची बहीण टेक्सासमध्ये असते. बहिणीच्या सतरा वर्षांच्या मुलानं सगळ्या नातेवाइकांना पत्र पाठवलं होतं : चर्चच्या गटाबरोबर दहा दिवस होंडुरासला जातोय, एका गरीब कुटुंबाचं घर बांधणार आहोत, माझ्या वाट्याला २,२०० डॉलर येतात, प्रार्थना करा आणि जमेल ते द्या. असं पत्र लिहायचं त्यांना शिकवलेलंच असतं. नातेवाईक, शेजारी, दाताचा डॉक्टर, सगळ्यांना ते जातं. मैत्रिणीनं ते मला पुढे ढकललं आणि खाली लिहिलं, "तुमच्या जमातीसारखंच ना गं हे?"

पहिल्या वाचनात मला हसू आलं, कारण खरंच तसंच होतं. आपल्याकडे तश्कील होते, म्हणजे बयान झाल्यावर उठून नाव द्यायचं. त्यांच्याकडे रविवारच्या उपासनेनंतर नावं घेतात. आपल्याकडे तीन दिवस, चिल्ला, चार महिने. त्यांच्याकडे एक आठवडा, दोन आठवडे, एक उन्हाळा. आपल्याकडे परत आल्यावर कारगुजारी सांगतात, कुठे गेलो, किती लोक भेटले, किती जण जोडले गेले. ते परत आल्यावर पडद्यावर फोटो दाखवतात आणि माइक हातात घेऊन हेच सांगतात. डोळे भरून येणंसुद्धा सारखं. आणखी एक साम्य मला नंतर लक्षात आलं. मौलाना इलियास साहेबांनी १९२०च्या दशकात मेवातपासून हे काम सुरू केलं ते मुसलमानांतच. जमात मुसलमानांच्या दारात जाते, कलमा आणि नमाज आठवून द्यायला. होंडुरासही ख्रिस्ती देशच. पूर्वी जवळजवळ सगळा कॅथलिक, आता इव्हँजेलिकल पंथाचे लोक त्यांच्या बरोबरीला आलेले. म्हणजे टेक्सासचा मुलगा तिथे जातो तो बहुतेक ख्रिस्ती माणसांच्याच घरी.

मग वेगळं काय? वेगळा आहे तो पैसा, आणि त्याच्यामागोमाग येणारं सगळं.

जमातीचा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे : आपली जान, आपला माल, आपला वक्त. जाणारा स्वतःच्या खिशातून जातो. बिस्तरा स्वतःचा, पातेली-स्टोव्ह बरोबर, ज्याची खिदमतीची पाळी तो कांदे चिरतो. ज्या गावात उतरतात त्या गावाला ते काही देत नाहीत, मशिदीची फरशी तेवढी झाडून जातात. यावर आपल्यातलेच लोक टीका करतात, आणि मीही करते, की बाबांनो, गावात नळाला पाणी नाही, पोरी सातवीनंतर घरी बसल्यात, त्याचं काय? पण या काहीच न देण्याचा एक फायदा आहे. गावकऱ्याला जमातवाल्याकडून काही मिळायचं नसतं. ऐकायचं तर ऐकतो, नाहीतर 'इन्शाअल्लाह' म्हणून मागच्या दारानं शेतावर जातो. मी लहानपणी आमच्या मोहल्ल्यात गश्त यायची वेळ झाली की मागच्या दारानं जाणारे किती तरी चाचा पाहिले आहेत. कुणाचं काही बिघडलं नाही.

घर बांधून देणाऱ्या पाहुण्यासमोर मागच्या दारानं कसं जाणार?

होंडुरासची गोष्ट यासाठी नीट सांगायला हवी. १९९८ सालच्या ऑक्टोबरच्या शेवटी मिच नावाचं चक्रीवादळ मध्य अमेरिकेवर येऊन बसलं. दिवसेंदिवस पाऊस. होंडुरासमध्ये डोंगर खचले, पूल वाहून गेले, हजारो माणसं मेली, लाखो बेघर झाली. अमेरिकेतून मदतीचा ओघ लागला आणि चर्चचे गट घरं बांधायला येऊ लागले. तिथे राहून काम करणारे कर्ट व्हर बीक नावाचे समाजशास्त्रज्ञ आहेत, मिशिगनमधल्या केल्विन या ख्रिस्ती विद्यापीठाचे. ख्रिस्ती माणूस, मिशनच्या विरोधातला नव्हे. वादळानंतर बांधलेल्या घरांचा त्यांनी अभ्यास केला. काही घरं अमेरिकेतून आलेल्या गटांनी बांधली होती, काही तिथल्याच ख्रिस्ती संस्थेनं तिथल्याच गवंड्यांकडून. स्थानिक संस्थेला एक घर साधारण २,००० डॉलरमध्ये पडत होतं. गट आला की त्याची विमानाची तिकिटं आणि घराचा खर्च मिळून तोच आकडा ३०,००० डॉलरच्या आसपास जात होता. एका घराच्या पैशात पंधरा घरं. आणि घरात राहायला गेलेल्या कुटुंबांच्या आयुष्यात, घर कुणी बांधलं यावरून काही फरक पडलेला दिसेना. काही लोकांनी सांगितलं की पाहुणे आले, ओळख झाली, बरं वाटलं. पण त्या पैशात आणखी किती जणांना छप्पर मिळालं असतं, हेही त्यांना दिसत होतं.

व्हर बीक यांनी दुसरी बाजूही तपासली. अशा सफरींच्या बाजूनं नेहमी सांगतात की जाणारा बदलतो, परत येऊन जास्त दान करतो, जास्त प्रार्थना करतो, गरिबांचा विचार करू लागतो. गेलेल्या माणसांनी फॉर्ममध्ये तसं लिहिलंही होतं. मग त्यांनी देणग्यांच्या नोंदी काढल्या. तोंडच्या बदलात आणि नोंदींतल्या बदलात बरंच अंतर निघालं.

हे वाचून मी मनात टाळी वाजवली नाही, कारण मला अब्बा आठवले. अब्बांचं पुढे सांगते. त्याआधी भाषेचं बोलते. पंधरा-सोळा वर्षं उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी शिकवल्यामुळे असेल, मला त्या पत्रात सगळ्यात आधी एक ओळ टोचली होती. त्या मुलानं लिहिलं होतं की मला स्पॅनिश येत नाही, पण प्रेमाला भाषा लागत नाही.

लागते हो. चांगलीच लागते. माझ्या वर्गात दरवर्षी अशी दोन-तीन मुलं असतात, ज्यांच्या घरात मराठीचा एक शब्द नाही. वर्गातल्या पहिल्या महिन्यात ती माझ्याकडे बघून हसतात. मी त्यांच्याकडे बघून हसते. आमचं एकमेकांवर प्रेम असतं असं म्हणा हवं तर. पण त्यातल्या एकाच्या पोटात दुखत होतं, हे मला त्याला 'पोट' हा शब्द आल्यावर कळलं. हसण्यानं एवढंच कळतं की समोरचा माणूस रागावलेला नाही.

भाषा येत नसली की मधे दुभाषा येतो, आणि दुभाषा आला की सगळा कारभार त्याच्या हातात जातो. आमच्या गावच्या मशिदीत एकदा इंडोनेशियाची जमात आली होती. त्यांचा अमीर तुटक इंग्रजीत बोलायचा आणि माझा धाकटा भाऊ, त्या वेळी बी.कॉम.ला होता, त्याचा तर्जुमा करायचा. पाहुण्यांचं बोलणं दहा मिनिटांचं आणि भावाचा तर्जुमा अर्ध्या तासाचा. त्यात त्यानं मोहल्ल्यातल्या कॅरम क्लबवर दोन मिनिटं घेतली. इंडोनेशियाच्या माणसाला आमच्या कॅरम क्लबचं काय माहीत? लोक मात्र म्हणाले, सुब्हानल्लाह, परदेशी माणसालाही आपली हालत कळली. आम्ही घरी हसून लोळलो. पण हाच प्रकार जिथे घर कुणाला द्यायचं हे ठरत असतं तिथे होतो, तेव्हा हसण्यासारखं राहत नाही. ज्याला इंग्रजी येतं त्याच्या ओळखीतलं कुटुंब पाहुण्यांना भेटतं. ज्याला येत नाही तो भिंतीपलीकडे उभा असतो. आपल्या खेड्यात सरकारी योजनेची यादी कशी होते ते ज्यानं पाहिलंय त्याला हे समजवावं लागणार नाही.

१९६८ साली इव्हान इलिच यांनी हे फार कडक शब्दांत सांगून टाकलं होतं. इलिच स्वतः कॅथलिक धर्मगुरू. मेक्सिकोत स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या सभेत त्यांना बोलावलं होतं आणि त्यांनी तोंडावर सांगितलं की तुमचे हेतू कितीही चांगले असोत, तुम्हाला इथल्या माणसांशी धड बोलताही येत नाही, तेव्हा परत जा. फिरायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. इलिच यांचं सगळं मला पटत नाही. माणसानं माणसाकडे जाऊच नये असं म्हटलं तर मग उरलं काय? पण शिकायला या, हे त्यातलं मला मोलाचं वाटतं.

भाषा शिकून आलेल्यांची उदाहरणं शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ साली तिथेच वारला. चाळीस वर्षं. चाळीस दिवस नव्हेत. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं आणि मराठीच्या अभ्यासक्रमात आजही त्याच्याशिवाय चालत नाही. मराठी भाषेचं कौतुक मी वर्गात सांगते तेव्हा ज्ञानेश्वरांच्या पाठोपाठ या परदेशी पाद्र्याचं नाव घ्यावंच लागतं. आणि नगरच्या मिस फरार. सिंथिया फरार, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या. १८२७ साली एकटी, लग्न न केलेली बाई बोटीनं मुंबईला आली, मुलींच्या शाळा चालवल्या, १८३९ साली नगरला गेली आणि १८६२ साली तिथेच मरण पावली. ज्योतीबा फुल्यांनी तिची नगरची शाळा पाहिली आणि त्यांना पुण्यात मुलींची शाळा काढायची उमेद आली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिच्याकडे घेतले. ती आली होती धर्म सांगायला, यात लपवण्यासारखं काही नाही. पण पस्तीस वर्षं एका प्रदेशात राहिलेल्या माणसाच्या हातून इतरही बऱ्याच गोष्टी होतात, ज्या त्यानं ठरवलेल्या नसतात. माझी मैत्रीण शिकली ती त्या झाडाच्या सावलीत. सावित्रीबाईंच्या मार्गानं मीही शिकले, तेव्हा सावली माझ्याही डोक्यावर आहेच.

दहा दिवसांत हे होत नाही. काही वेळा मात्र दहा दिवसांत भलतंच होऊन बसतं. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. महिना संपायच्या आत अमेरिकेतल्या बाप्टिस्ट चर्चच्या दहा जणांना हैतीच्या पोलिसांनी अटक केली. ते ३३ मुलांना बसमध्ये घालून सरहद्दीपलीकडे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये न्यायला निघाले होते, तिथे अनाथाश्रम काढायचा म्हणून. कागदपत्रं नव्हती. आणि पुष्कळशा मुलांचे आईबाप जिवंत होते! आईबापांनी मुलं दिली होती, शिकतील, खातील म्हणून. ती माणसं मुलं पळवणारी होती असं मला वाटत नाही. देवानं आपल्याला पाठवलंय या खात्रीपुढे त्यांना कायदा, कागद, आई असले प्रश्न विचारावेसे वाटले नाहीत. ही खात्री कुठल्याही धर्मात मिळते. आपल्यातही मिळते. म्हणून मी हा किस्सा बोट दाखवायला सांगत नाही.

आता अब्बा.

अब्बा टेलर होते. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत दहा बाय आठचं दुकान, दोन मशिनी, एक कारागीर. मी सातवीत होते तेव्हा त्यांनी चिल्ल्याला नाव दिलं. जमातीत सांगतात की घरच्यांचा खर्च मागे ठेवून निघा. अब्बांनी ठेवला होता. पण एका गिऱ्हाइकानं लग्नाच्या कपड्यांचे पैसे दिले नाहीत, कारागीर आठ दिवसांत दुसऱ्या दुकानात गेला, आणि महिना संपायच्या आत डबा रिकामा झाला. अम्मी काज-बटणाचं काम आधीपासून करायचीच, आता ती शेजारच्या दुकानाची तुरपाईही आणायला लागली. रात्री कंदील घेऊन बसायची, कारण आमच्याकडे वीज जायची ती पहाटेच यायची. दिवसा लोक दारात यायचे, "टेलर कां गए?" अम्मी आतूनच सांगायची, "अल्ला के रस्ते में गए. चालीस दिन को आते." एक मारवाडी काका मात्र रोज यायचे आणि रोज विचारायचे की माझी सफारी कुठवर आली? ती सफारी शेवटी अम्मीनंच पुरी केली. कॉलर जरा वाकडी झाली, पण काकांनी काही म्हटलं नाही.

अब्बा परत आले तेव्हा दाढी वाढलेली, चेहरा उजळलेला, आवाज खाली आलेला. मशिदीत त्यांनी कारगुजारी सांगितली, लोकांनी माशाअल्लाह म्हटलं. घरी आल्यावर त्यांनी आम्हाला दाल करून खाऊ घातली. जमातीत खिदमतीच्या पाळीला शिकले होते. त्याआधी त्यांनी चहाचं भांडंही चुलीवर ठेवलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. पुढे तीन आठवडे ते स्वतःचं ताट स्वतः धूत. मग हळूहळू ताट मोरीत पडायला लागलं. म्हणून म्हणते, व्हर बीक यांच्या नोंदींचं मला नवल वाटलं नाही. पण सगळंच पुसलं गेलं असंही नाही. कारागिराला शिवी देणं त्यांनी त्या चिल्ल्यानंतर सोडलं ते कायमचं. फजरची नमाज कधी चुकली नाही. माणूस दहा-चाळीस दिवसांत बदलतो की नाही याला माझ्याकडे एकच उत्तर नाही. थोडा बदलतो. कुठल्या कोपऱ्यात बदलेल हे आधी सांगता येत नाही.

माझ्या मनात जे अडकून राहिलं ते दुसरंच. अम्मीची कारगुजारी कुणी विचारली नाही. चाळीस दिवस तीही कुठल्या तरी रस्त्यात होतीच की. मैत्रिणीच्या भाच्याचं पत्र मी अम्मीला वाचून दाखवलं, तिच्यासाठी दखनीत सांगत सांगत. डॉलर, विमान, वादळ सगळं तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, वीस लोकांचं खाणं तिथे कोण रांधतं? मी हा प्रश्न मैत्रिणीला पाठवला, तिनं बहिणीला, बहिणीनं मुलाला. उत्तर आलं : तिथल्या चर्चच्या बायका. पहाटे येतात, मक्याच्या भाकऱ्या थापतात, रात्री भांडी घासून जातात. किती जणी? ते त्याला आठवेना. पाच-सहा असतील. फोटोत त्या नव्हत्या.

चर्चचा गट पंधरा घरांचे पैसे एका घरात घालतो, त्याचा हिशेब व्हर बीक यांनी मांडला. या पाच-सहा बायकांच्या दहा दिवसांचा हिशेब त्यात कुठे बसतो, कोण जाणे. तिथला खर्च यजमान बायकांच्या अंगावर पडतो, आपल्याकडे मागे राहिलेल्या बायकांच्या. एवढाच काय तो फरक.

आता माझे काही वाचक म्हणतील, बरं झालं, मिशनऱ्यांचं पितळ उघडं पाडलंत. त्यांना मला एक आठवण द्यायची आहे. मार्च २०२०मध्ये निजामुद्दीनच्या मरकजवरून काय रान उठलं ते आपण विसरलेलो नाही. टीव्हीवर रोज आपलं नाव. त्या काळात नगर जिल्ह्यातल्या मशिदींत उतरलेल्या परदेशी जमातींवर गुन्हे दाखल झाले : पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार केला, आजार पसरवला. घाना, टांझानिया, इंडोनेशिया, कुठकुठले लोक. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं अशा २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांच्या पीठानं म्हटलं की संकटाच्या काळात सरकारं बळीचा बकरा शोधतात आणि या परदेशी लोकांना तसं निवडलं गेलं असण्याची शक्यता दिसते. व्हिसाच्या नियमांत धार्मिक स्थळी जायला, नेहमीच्या धार्मिक कार्यक्रमांत बसायला बंदी नव्हती, हेही न्यायालयानं दाखवून दिलं.

परदेशातून धर्मासाठी आलेल्या माणसाला सरकारनं हाकलायला बघणं हे नवं नाही. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारनं त्यांना निघून जा म्हणून हुकूम दिला होता. ते चिकटून राहिले, म्हणून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, म्हणून पुढे नगरला मिस फरार आल्या. तेव्हा पाहुणा धर्माचं बोलतो एवढ्यासाठी त्याला दारातून परत पाठवा, असं मी म्हणणार नाही. ती काठी कुणाच्या पाठीवर पडते हे मी पाहिलं आहे. त्यानं काय आणलं, किती खर्चून आणलं, कुणाला विचारून आणलं आणि त्याच्या जेवणाची भांडी कुणी घासली, हे मात्र विचारायला हवं. त्याच्या चर्चनं विचारावं, आपल्या मशिदीनं विचारावं.

ख्रिस्ती लोकांत हे विचारणं सुरू झालंय, हे सांगितलं पाहिजे. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट या दोन ख्रिस्ती अभ्यासकांचं 'व्हेन हेल्पिंग हर्ट्स' हे पुस्तक २००९ साली आलं आणि तिथल्या चर्चमध्ये ते खूप वाचलं गेलं. मदतीमुळे घेणाऱ्याची मान कशी खाली जाते आणि देणाऱ्याची कशी नको तेवढी वर जाते, हे त्यांनी चर्चवाल्यांना चर्चच्याच भाषेत सांगितलं. काही चर्च आता गट पाठवण्याआधी तिथल्या चर्चला विचारतात की आमचं काही काम आहे का? आपल्याकडे जमातीवर लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय, उर्दूतही आणि मराठीतही. बहुतेक एकतर नुसती तारीफ असते किंवा फतव्यासारखी शिवीगाळ. मागे राहिलेल्या घराचं काय होतं, याबद्दल कुणी सबुरीनं लिहिलेलं अजून माझ्या हाती लागलेलं नाही.

अम्मी स्वतः एकदा जमातीत गेली. साठी उलटल्यावर, मस्तुरातच्या जमातीत, अब्बांच्या एका चुलतभावाच्या कुटुंबाबरोबर माझ्या धाकट्या भावाला मेहरम म्हणून घेऊन. तीन दिवस. अब्बांचे गुडघे गेलेले, ते घरी राहिले आणि तीन दिवस स्वतःच्या हातची तीच दाल खात होते. मस्तुरातमध्ये पुरुष मशिदीत उतरतात आणि बायका गावातल्या एखाद्या घरी. अम्मी परत आली तेव्हा अब्बांनी विचारलं, काय कारगुजारी? तालीम चांगली झाली, बायका बऱ्याच आल्या, एवढं ती बोलली आणि बराच वेळ त्या घरच्या सुनेबद्दल सांगत बसली. आम्ही आमचं रांधत होतो, ती म्हणाली, पण पोरीला पाणी भरावंच लागायचं, बारा बायकांचं. तीन रात्री तिनं लेकराला घेऊन पाय दुमडून झोप काढली, तोंडातून शब्द नाही. मग तिनं कपाटातून ईदला आलेला निळ्या फुलांचा ड्रेसपीस काढला आणि अब्बांच्या मशीनवर ठेवला.

"नाप?" अब्बांनी विचारलं.

"नजर से लेके आई," अम्मी म्हणाली. "बाजू पे थोडा ढीला रखो. दूध पिलाती ना."

अब्बांनी दोन दिवसांत शिवला. पुढच्या महिन्यात तिकडे जाणाऱ्या जमातीच्या बिस्तऱ्यात घालून तो पाठवला.